सायकलच्या ट्यूबची पट्टी

"बाबा, सर गेले," एवढेच वसुधा बुलढाण्याहून फोनवर बोलली. कोणते सर, हे मला विचारावे लागले नाही. माझ्या या मुलीला लहानपणापासून स्तोत्रे आणि शब्दरूपे मी शिकवली; तरी तिच्या तोंडी मी बाबाच राहिलो. 'सर' हा शब्द तिने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता… प्रल्हाद इंगळे. साखरखेर्ड्याच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे, ते इंग्रजी. आमच्या वर्गांमध्ये एकच भिंत होती. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांच्याविषयी आदराने लिहावयास बसलो आहे. परंतु त्या आदराशेजारी जे येऊन बसले आहे त्याला मत्सर हेच नाव आहे, आणि दिवंगताविषयी लिहिताना ते झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.

वसुधा आठवीत असताना इंग्रजीतले 'शिप' आणि 'शीप', 'फुल' आणि 'फूल' एकाच सुरात म्हणे. मी तिला ह्रस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, असे बोटांवर मोजून दाखवले, कोंबड्याची 'कु, कू' अशी लांबत जाणारी बांगही ऐकवली. श्लोकात तिची मात्रा कधी ढळली नाही. इंग्रजी शब्द आला की मात्र ती हमखास ढळे. एके दिवशी शाळेच्या ओसरीवर माझ्यासमोरच तिला रडू फुटले. इंगळे सर वर्गातून बाहेर आले. हातात सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी होती.

"काऊन रडून राह्यली माय? धर हे टोक."

दुसरे टोक त्यांनी धरले. ह्रस्व स्वराला जागचे हलायचे नाही, दीर्घ स्वराला मागे सरायचे आणि स्वर संपेपर्यंत ताण सोडायचा नाही. टोक आधी सुटले की पट्टी समोरच्याच्या बोटांवर सपकन बसे. ती पहिल्यांदा त्यांच्याच बोटांवर बसली आणि माझी रडणारी मुलगी हसली. त्या दुपारी तिला जे साधले, ते माझ्याने इतक्या दिवसांत साधले नव्हते. पुढे भिंतीपलीकडून हशा आला की माझ्या वर्गातली मुले रूपे म्हणता म्हणता तिकडे कान देत, आणि त्यांच्याआधी माझा कान तिकडे गेलेला असे…

वसुधा पुढे इंग्रजीचीच शिक्षिका झाली. निवृत्तीनंतर एकदा मी त्यांना म्हणालो, "सर, मुलगी माझी, पण विद्या तुमची घेऊन गेली."

ते सुपारी कातरत होते. "पोरगी तुमचीच हाय गुरुजी. मी फक्त जराशी ताणून देल्ली."

मी हसलो. घरी येईपर्यंत ते वाक्य मनात सलत राहिले.

शोकसभेनंतर त्यांच्या पत्नीने ती पट्टी वसुधेच्या हाती दिली. जागोजागी चिरा पडलेली, ताणली तर तुटेल अशी. ती छातीशी धरून वसुधा रडली आणि मी तिच्या शेजारी उभा होतो.

त्या संध्याकाळी ती माझ्या घरी देवापुढे बसली. स्तोत्र मी शिकवलेले, चाल माझी, उच्चार निर्दोष… पण प्रत्येक दीर्घ स्वराला तिचे दोन्ही हात नकळत एकमेकांपासून दूर जात होते. माझ्या देवघरातही इंगळे सर येऊन बसले होते.

ती परत गेली. आता ते स्तोत्र मी एकटाच म्हणतो, डोळे मिटून, हात जोडून. दीर्घ स्वर आला की तळहात किंचित विलग होतात. मी ते पुन्हा जोडतो…