वजीरा सिंगाच्या ताटातला घास

शिरोड्याच्या चंद्रहासाचा हात मिठाला कधी चुकला नाही, एवढीच त्याच्या जन्माची कमाई. बारा वर्षं ओमानात, निझव्याच्या एका खानावळीत, मग दुक्मला बंदराच्या कामावरच्या कॅम्पात आचारी. साठी जवळ आली तसा एकच घोर लागला : कंपनी विसा वाढवते की घरी धाडते. घरी होतं काय? धाकट्या भावाने याच्या खोलीत माडाची चुडतं नि नारळाची सोडणं रचून ठेवली होती. परतायचं म्हणजे भावजयीच्या हातातल्या डावाकडे बघत बसायचं.

कॅम्पात बेचाळीस माणसं जेवायची. त्यांत जालंधरकडचा वजीरा सिंग, वेल्डर. पहिल्याच दिवशी याने भरलेलं ताट चंद्रहासापुढे सरकवलं आणि म्हटलं, आधी तू खा. माणसं हसली. चंद्रहास तापला. माझ्या हाताला नाव ठेवतोस?

तेव्हा वजीराने कारण सांगितलं. त्याचा पणजा बब्बर अकाली. इंग्रजांना खबर देणारे लंबरदार, म्हणजे गावचे पाटील, हुडकायचे, त्यांच्याच दारात गोळी घालायची आणि वर पत्रक काढून आम्ही मारला म्हणून कळवायचं, असली ती माणसं. त्या पणजाला साडूने जेवायला बोलावलं आणि दह्यात धोतरा कालवला. जाग आली तेव्हा पायांत बेड्या. लाहोरात फाशी गेला. तेव्हापासून त्या घरचा पुरुष परक्या चुलीवरचं खाताना रांधणाऱ्यालाच पहिला घास घ्यायला लावतो.

"और वो साढू?" चंद्रहासाने विचारलं.

"उसी के दरवाज़े पर," वजीरा म्हणाला आणि आमटी ओरपू लागला.

तीन वर्षं चंद्रहासाने रोज त्या ताटातला पहिला घास घेतला. पुढे पुढे तर सांगावंही लागेना.

मग दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी बिघडलं. मचूळ, वर अळ्या. आठ माणसं हगवणीने आडवी झाली. वजीरा म्हणाला, गोडं पाणी येईपर्यंत कामावर नेणाऱ्या बसमध्ये कोणी पाय ठेवायचा नाही. दोन दिवस बस रिकामी गेली. तिसऱ्या दिवशी कॅम्पचा साहेब हसन खजूर चघळत स्वयंपाकघरात आला. धमकी नाही की शिवी नाही. त्याने फक्त विचारलं, तुझा विसा कधी संपतो रे? आणि मग, हे डोकं कोणाचं?

चंद्रहास भात वेळत होता. पेज निथळेपर्यंत त्याने नाव सांगून टाकलं. वर न विचारता सांगितलं, जेवायला बसल्यावर धरा, तेव्हा त्याच्या हातात काही नसतं.

शुक्रवारी दुपारी वजीरा बसला. चंद्रहासाने वाढलं. भात, आमटी, तळलेला बांगडा. जेवणात काही नव्हतं, तरी त्याचा हात ताटाकडे जाईना. तो नुसता उभा राहिला.

वजीराने वर बघितलं.

"पहली बुर्की तूने नहीं ली, चंदर," तो म्हणाला. पहिला घास. आणि खाली मान घालून त्याने ताट पुसून खाल्लं. बाहेर गाडी थांबली तेव्हा तो हात धूत होता. पासपोर्ट गाडीतच होता. संध्याकाळी मस्कतहून त्याला विमानात घातलं.

चंद्रहासाला धास्ती दाराची. दोन दिवस तो दाराकडे पाठ करून उभा राहिला नाही. पण मारायला कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला कुडाळचा धनेश, याच्याकडून माशाची जास्तीची तुकडी हक्काने घेणारा, ताट घेऊन पुढे आला.

"चंदूमामा, पयलो घास तुमी घेवा."

"अरे, माका कित्याक?"

"आमकाय जीव प्यारो आसा."

त्याच्यामागे इक्बाल, त्याच्यामागे जहूर. एकेचाळीस ताटं, एकेचाळीस घास. दुपारी आणि परत रात्री. चंद्रहास हसनकडे रड घेऊन गेला तर तो पोट धरून हसला. म्हणाला, खा की, फुकट आहे.

विसा दोन वर्षं वाढला. पाणीही गोडं यायला लागलं. माणसं कामावर जायला लागली, ताटं काही थांबली नाहीत. शेवटचं, बेचाळिसावं ताट धनेश स्वतः वाढायचा आणि वजीराच्या जागेवर ठेवायचा. ते जेवायला कोणी नसायचं. त्यातलाही घास घ्यावा लागे.

एकदा त्या ताटाशी चंद्रहासाला उमळून आलं. तो बाहेर जाऊन भडाभडा ओकला, तोंड धुऊन परत आला. एकेचाळीस माणसं हात न लावता बसली होती. धनेशने ताट जरा पुढे सरकवलं.