काहुन्यांची भाऊकी

वऱ्हाडात ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. काहून आला, काहून नाही जेवला, काहून रडून राहिला. तिथल्या माणसाच्या तोंडी हा शब्द दिवसातून शंभरदा तरी येतो. आता अशा मुलखात एखाद्याचं आडनावच काहुने असेल तर त्याची काय गत होत असेल, ते वाचणाऱ्यानेच ताडावं. किसनराव काहुने यांनी ती गत एकाहत्तर वर्षं भोगली. शाळेत मास्तरांनी ‘काहुने’ म्हटलं की मागच्या बाकावरून ‘काहून नाई?’ असा आवाज यायचा. लग्नात नवरीकडच्या बाया अंतरपाट धरायच्या आधीच हसून घेत होत्या. फुलबाजारातले अडते तर रोज सकाळी ‘काहून हो काहुने?’ असं विचारल्याशिवाय टोपलीला हात लावत नसत, आणि दर वेळी आपण काहीतरी नवीनच बोललो अशा ऐटीत हसत.

किसनराव मात्र चिडत नसत. अमरावतीच्या कडेला मोझरी रस्त्यावर त्यांचं दीड एकर वावर. त्यात झेंडू, शेवंती, मधल्या वाफ्यांत मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. माणूस मुळातच शांत. शिवाय त्यांच्याजवळ या सगळ्यावर एक जालीम उत्तर होतं. ते म्हणत, आमचं खरं आडनाव कानुने. आमचा कोणी पूर्वज भोसल्यांच्या दरबारी होता, त्याला सगळा कानून तोंडपाठ होता. पुढे कुणा अडाण्याने लिहिताना घोळ केला, म्हणून काहुने. ही कथा ते इतक्या रुबाबात सांगत की ऐकणारा क्षणभर सावरून बसे. फक्त त्यांच्या पार्बताबाई बसत नसत. “कानूनवाले होते त मंग वावर दीडच एकर काहून?” एवढं बोलून त्या भाकरी उलटत.

पण आडनावाची थट्टा हे काही किसनरावांचं दुखणं नव्हतं. दुखणं वेगळंच होतं, आणि ते पौषात थोरले भाऊ वारले तेव्हा उघडं पडलं.

दहाव्याला कौंडण्यपूरला नदीवर गेले होते. शेजारीच दुसऱ्या एका घराण्याचा दहावा चालू होता. तिथे चाळीस-पन्नास माणसं ओळीने बसलेली, तीन न्हावी कामाला लागलेले, कोण पुतण्या, कोण चुलता, कोण नातू याचा नुसता कालवा. काहुन्यांकडे वस्तरा काढून न्हाव्याने विचारलं, “किती जन?”

“दोघं,” किसनराव म्हणाले. ते आणि त्यांचा मुलगा शेखर. भावाला मुलीच होत्या, त्या सासरच्या झाल्या.

“न् बाकीचे कुठी हायेत?”

“बाकीचे कोनी नाई.”

न्हाव्याने वर पाहिलं आणि तो कामाला लागला. दहा मिनिटांत त्याचं काम आटोपलं. परत येताना जीपमध्ये किसनराव शेखरला एवढंच म्हणाले, “माह्या वक्ताले तू एकटाच बसशीन.” भाऊकी नसणं म्हणजे काय, हे ज्याला भाऊकीच्या भांडणांनी पिडलंय त्याला कळायचं नाही. लग्नात रुसायला कोणी नाही, बांध कोरायला कोणी नाही, मेल्यावर सुतक धरायला कोणी नाही. किसनरावांना त्या दिवसापासून एकच घोर लागला: या एवढ्या मोठ्या जगात आपल्या रक्ताचं आणखी कुणी आहे की नाही?

हा घोर त्यांच्या सुनेने ओळखला. गीतांजली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि शिक्षिका म्हटल्यावर मतदार याद्यांचं काम आपोआप गळ्यात आलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने अमरावती आणि अकोला अशा दोन्ही जिल्ह्यांच्या याद्या उघडल्या आणि काहुने शोधायला बसली. चार दिवसांनी सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मामाजी, सहा हायेत.”

किसनराव उठूनच बसले. “कुठी?”

“आपल्याच घरी. तुमी, आत्याबाई, मोठ्या आत्याबाई, हे न् मी.”

“हे त पाच झाले.”

“सहावे मोठे मामाजी. त्याइचं नाव कमी कराचं माह्याकडूनच राहून गेलं.”

राऊत, वानखडे, देशमुख असे ढिगाने. आणि काहुने पाच, अधिक एक मेलेला. किसनराव उठले आणि कारण नसताना झेंडूला पाणी द्यायला निघून गेले.

गीतांजली मात्र एकदा हाती घेतलेलं सोडणारी नव्हे. घरात तिच्या आजेसासऱ्यांचा, म्हणजे किसनरावांच्या वडिलांचा, शाळा सोडल्याचा पिवळा पडलेला दाखला होता. त्यावर गाव होतं धामणसरी, तिकडे शेंदूरजनाघाटच्या बाजूला. किसनरावांना एवढंच ठाऊक होतं की वडील लहान असतानाच आजोबा तापाने गेले, आजीने पोराला काखोटीला मारलं आणि अमरावतीला माहेर गाठलं. मागे कोण राहिलं, हे आजीने कधी सांगितलं नाही आणि वडिलांना कधी आठवलं नाही. गीतांजली धामणसरीच्या शाळेत गेली. अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांना इतकी मागणी आलीय की मुख्याध्यापकांनी ती कपाटात ठेवायचंच सोडून दिलंय. तिने पानाचा फोटो काढून आणला. पण अक्षर मोडी. कागदावर नुसत्या वेलांट्यांच्या वेली पसरलेल्या.

मोडी वाचणारे मोरोपंत अंबापेठेत राहत. निवृत्त वकील, वय ब्याऐंशी. त्यांनी फोटोची मोठी प्रत काढायला लावली, भिंग घेतलं आणि किसनरावांना समोर बसवलं. किसनराव धुतलेला सदरा घालून, गीतांजलीला सोबत घेऊन गेले होते. आज कानुन्यांचा निकाल लागायचा होता.

“अनुक्रम एकशे बारा,” मोरोपंत वाचू लागले. “तारीख चार जुलै एकोणीसशे सत्तावीस. मुलाचे नाव सखाराम.”

“माहे बाबा,” किसनराव म्हणाले आणि त्यांनी उगाचच पाय जवळ घेतले.

“बापाचे नाव महादू वल्द कोंडू, म्हणजे कोंडूचा मुलगा. धंदा बागाईत. आडनाव…” मोरोपंत थांबले. भिंग पुढे-मागे केलं.

“कानुने लिवलं असंन, पंत. नीट पाहा.”

“नाही हो किसनराव. का, हू, न. पुढे काही नाही. काहून.”

आणि मग या म्हाताऱ्या वकिलाला हसू फुटलं. पन्नास वर्षं वऱ्हाडी साक्षीदारांच्या जबान्या ऐकलेला माणूस तो, त्याच्या लगेच ध्यानात आलं. पानाच्या माथ्यावर नव्या मास्तरची नोंद होती, दोन जुलैला रुजू. सही कुणा वेंगुर्लेकराची. “अहो, हा बिचारा कोकणातून येऊन दोनच दिवस झालेले. याने विचारलं, आडनाव काय? तुमचे आजोबा म्हणाले, काहून? म्हणजे, कशाला पाहिजे? त्याला वाटलं, हेच आडनाव. टाकलं लिहून!”

किसनराव हसले नाहीत. भोसल्यांचा दरबार, तोंडपाठ कानून, सगळं एका फटक्यात पाण्यात गेलं होतं. आपल्या आजाला साधं नाव सांगता आलं नाही आणि एका परक्या मास्तरला साधा प्रश्न कळला नाही. त्यातून आपण जन्मलो. त्यांना मनापासून लाज वाटली. ते उठायलाच लागले होते.

“बसा,” मोरोपंत म्हणाले. आवाज बदलला होता. भिंग एक ओळ खाली सरकलं होतं. “अनुक्रम एकशे तेरा. तीच तारीख. मुलाचे नाव गणपत. बापाचे नाव सुपडा… वल्द कोंडू.”

“कोंडू?”

“कोंडू. म्हणजे सुपडा हा तुमच्या आजोबांचा सख्खा भाऊ. दोघे भाऊ आपापला पोरगा घेऊन एकाच दिवशी आले होते, एकामागे एक उभे होते.”

“मंग त्याचं आडनाव?”

मोरोपंतांनी तीनदा वाचलं. मग भिंग खाली ठेवून हळूच म्हणाले, “थेच.”

मास्तरने दुसऱ्याला विचारलं, तुझं आडनाव काय? सुपडा म्हणाला, थेच. तेच, जे भावाचं लिहिलं तेच. आणि मास्तरने तेही इमानाने लिहून घेतलं.

गीतांजलीच आधी बोलली. “मामाजी, ‘काहून’चं काहुने झालं, तसं ‘थेच’चं ठेचे झालं असंन. अकोल्याकडे ठेचे हायेत. माह्यासंगं डीएडले एक ठेचे होती.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने आकडा काढला. अकोला जिल्ह्यात ठेचे आडनावाचे दोनशे सदतीस मतदार होते. दोन गावं आणि अकोल्यातली एक अख्खी गल्ली. पोरंसोरं धरली तर चारशेच्या वर जातील. ती नावं वाचत गेली आणि किसनराव ऐकत राहिले. प्रत्येक नावाला ते मान हलवत, जणू कुणी दारातून आत येतंय. एका शब्दाने दोन सख्ख्या भावांची घराणी वेगळी केली होती, आणि तो शब्दही कोणता, तर ‘तेच’! केवढी ही गंमत आणि केवढा हा चमत्कार. किसनरावांना राहून राहून एकच वाटत होतं: आपण एकटे नव्हतो. शंभर वर्षं आपली माणसं बसमधून, बाजारातून, रिद्धपूरच्या यात्रेतून आपल्या बाजूने चालत गेली असतील आणि आपण त्यांना सरकून वाट दिली असेल.

आषाढात ते अकोल्याला गेले. गणपतचे थोरले चिरंजीव नत्थुजी ठेचे, वय अठ्ठ्याहत्तर, दिवाणावर बसले होते. म्हणजे किसनरावांचे चुलत-चुलत भाऊ, दोघांचे बाप एकाच दिवशी शाळेत गेलेले. शेजारी त्यांचा मुलगा श्याम. किसनराव तोंडवळ्यात काही साम्य सापडतं का म्हणून बघत राहिले. काहीही सापडलं नाही. मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि मोरोपंतांनी लिहून दिलेला कागद पुढे ठेवला.

घोटाळा असा झाला की ठेच्यांकडेही एक पूर्वज होता. त्याने म्हणे एकट्याने सात पेंढाऱ्यांची डोकी दगडाने ठेचली होती, म्हणून ठेचे. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या फलकावरसुद्धा तो होता, हातात धोंडा घेऊन.

“म्हंजे आमच्या आज्यानं कोनाचंच डोकं ठेचलं नाई?” नत्थुजींनी विचारलं.

“नाई दादा. थो फक्त ‘थेच’ म्हनला.”

नत्थुजींचा चेहरा पडला आणि मग कडक झाला. “असं कागदावरून कोनी कोनाचा भाऊ होत नसते,” ते म्हणाले. “आमाले आमची भाऊकी पुरते. चहा घ्या.”

चहा झाला. किसनरावांनी कागद तिथेच ठेवला आणि निघाले. बसमध्ये त्यांना स्वतःचाच राग आला. भाऊ मागायला गेलो आणि त्या माणसाचा पूर्वजच हिरावून आलो, कोणाला गोड लागेल? घरी आल्यावर पार्बताबाईंनी तोंड पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं. श्रावण गेला, भादवा गेला. अकोल्याहून फोन नाही, पत्र नाही. किसनरावांनी तो विषय काढला नाही आणि कुणाला काढूही दिला नाही.

दसऱ्याला चार दिवस होते. वर्षातला सगळा झेंडू याच चार दिवसांत जातो. वावर नुसतं केशरी झालं होतं, तोडायला बाया लागल्या होत्या, आणि किसनराव स्वतः तोडलेली फुलं टाकायला कमरेला कापडाचा ओटा बांधून सरीत उभे होते. तेवढ्यात फोन वाजला.

“काका, मी श्याम ठेचे बोलून राहिलो. बाबा गेले काल, दुपारच्याले.”

किसनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“दाहावं गांधीग्रामले, पूर्णेवर. सकाळी आठले या. शेखरभाऊलेही आना, दोघाइले बसा लागते. न् काका, सुतक लागते तुमाले, कालपासूनच धरा. बाबा सांगून गेले होते, अमरावतीले कळवजा म्हनून.” मागे रडण्याचा आवाज येत होता. “ठेवतो. बाकीच्याइले फोन कराचे हायेत.”

बाकीच्याइले. किसनरावांनी फोन खिशात ठेवला. ओटा सोडला, तोडलेली फुलं सरीतच ओतली आणि हात धोतराला पुसत वावराबाहेर आले. देवाला वाहायच्या फुलाला आता त्यांचा हात लागणार नव्हता, त्यांच्या घरातल्या कुणाचाच नाही. बांधावर पार्बताबाई होत्या. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकदा त्या केशरी वावराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि हातातली टोपली उपडी करून ठेवली.

शेजारच्या वावरातला संघपाल धावत आला. “का झालं किसनराव? ऐन दसऱ्यात तोडा काहून थांबवला?”

“सुतक हाय.”

“कोन गेलं?”

“माहा भाऊ गेला.”

संघपाल गोंधळला. “तुमचे भाऊ त पौषातच गेले नं?”

“थो थोरला,” किसनराव म्हणाले. “हा अकोल्याचा.” आणि ज्या माणसाला त्यांनी आयुष्यात एकदाच, एका कप चहापुरतं पाहिलं होतं, त्याच्यासाठी ते बांधावर बसून मोठमोठ्याने रडू लागले.