आतून रंगवलेलं पेन

कांदिवलीच्या आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीनला खेटून माझं ड्रिल मशीन आहे. हातानं पेनं बनवायचा नाद मला पन्नाशीत लागला. अॅक्रिलिकच्या बोटभर दांड्याला आरपार भोक पाडायचं, त्यात पितळेची नळी चिकटवायची, मग बाहेरून तासून आकार द्यायचा. भोक पाडताना घाई चालत नाही. अॅक्रिलिक तापलं की वितळून ड्रिलला चिकटतं. मी जन्माची उतावळी, पण त्या मशीनपुढे गरीब गाय होते.

रंगाच्या नावानं मात्र बोंब. दांडा पारदर्शक असला की आतलं पितळ दिसतं, म्हणून नळी बसवण्याआधी भोक आतून रंगवावं लागतं. माझा रंग कुठे जाड, कुठे बेपत्ता. आणि नवरा पेंटर! दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले, काम गेलं, त्यानं ब्रश माळ्यावर ठेवून दिले. विषय काढला की "सोड ना यार" म्हणून पेपर उघडायचा. तो हात वाया जाताना बघून मला वाईट वाटायचं, रागही यायचा.

एका रविवारी मी फासलेला निळा दांडा बघून तोच वैतागला. "वाट लावलीस गं. दुसरा दे इकडे." माळ्यावरून ब्रश काढले. केस मऊ होते. म्हणजे इतकी वर्षं माझ्या नकळत त्यांना तेल लावत होता. मी चहा टाकायला पळाले, नाहीतर तिथेच रडले असते.

चहा घेऊन आले तर तो हात धुवायला गेला होता. दांड्याच्या आत नुसत्या वेड्यावाकड्या सोनेरी रेघा. हात थरथरला बिचाऱ्याचा, असं वाटून मी काडीला ओला कापूस गुंडाळला आणि त्या पुसून टाकल्या.

"अगं, काय केलंस! काचेवरच्या पाटीसारखंच आहे हे. आधी नक्षी, मग तिच्या मागे रंग. बाहेरून नक्षीच पुढे दिसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकले रे. आता परत ब्रश नाही ना धरणार?"

त्यानं चहा संपवून खुर्ची उजेडाकडे ओढली आणि पुन्हा रेघा काढल्या. त्या वाळल्यावर मागे गडद निळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथी निवडत होते, तर गॅलरीतून हाक आली, "होल मार ना गं! मी कधीचा नुसता बसलोय."