सुभेदाराचं पिस्तूल आणि माझ्या बापाचं नाव

वडिलांच्या तेरवीची पंगत बसली होती. भावकीतला एक चुलता पानावर भात कालवता कालवता मोठ्यानं बोलला, "म्हातारा गेला, पन साहेबाचं पिस्तूल ठेवून गेला. मेलेल्या गोऱ्याच्या कमरेचं काढलं म्हन्तात."

पंगत हसली. माझ्या हातात वरणाची बादली होती. ती आधी खाली ठेवली, नाहीतर त्याच्या डोक्यात गेली असती. म्हटलं, "काका, ज्याचं हाय त्याले तुमच्यासमोर उभा करीन. तवरोक माह्या घरी पाय ठेवू नोका."

पिस्तूल गावापासून लपलेलं नव्हतंच. सहा गोळ्यांचं, चकरीचं, पलटणीतलं. दसऱ्याला वडील विळा-कुऱ्हाडीशेजारी ते पाटावर मांडायचे, कुंकू लावायचे, मग तेल देऊन फडक्यात गुंडाळून कोठीत ठेवायचे. कुठून आणलं विचारलं की म्हणायचे, "अमानत हाय." पुढे एक शब्द नाही. त्यावर इंग्रजी अक्षरं कोरली होती. इंग्रजी अक्षरं म्हणजे साहेबाचं, हे गावानं ठरवलं. आणि साहेबाचं पिस्तूल माझ्या बापासारख्या कापूस वाहणाऱ्या गाडीवाल्याच्या घरी, म्हणजे चोरीचं, हेही गावानंच ठरवलं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. पोलीस पाटलानं सांगितलं, बिनपरवान्याचं हत्यार पोळ्याच्या आत ठाण्यात जमा कर. मला तेवढीच मुदत. मालक न सापडता ते ठाण्यात गेलं असतं, तर माझा बाप कायमचा चोर राहिला असता.

मी तिसरीत शाळा सोडलेली. पिस्तूल घेऊन एसटीत बसता येत नाही, एवढं मात्र कळत होतं. अक्षरांवर कागद धरला, वरून कोळसा घासला. अक्षरं उमटली. तो कागद शेगावला स्टेशनातल्या तिकिटाच्या बाबूला दाखवला.

बाबू म्हणाला, "यात नावं दोन आहेत. साहेबानं निरोप घेताना आपल्या सुभेदाराला भेट दिलंय. सुभेदार आपल्यातलाच दिसतो."

"गाव?"

"गाव नाही लिहिलेलं. पलटणीचं नाव आहे."

नाव मिळालं, पलटण मिळाली. जुने शिपाई पेन्शन घ्यायला खामगावला येतात हे मला ठाऊक होतं. पेन्शनच्या दिवशी कचेरीसमोर जाऊन बसलो आणि येईल त्या म्हाताऱ्याला विचारत राहिलो. कोणी म्हणे मेला, कोणी म्हणे पुण्याकडे गेला. शेवटी एक लंगडा हवालदार म्हणाला, "वरवट बकालचा तो. जित्ता हाय. पन जपून जा, लई तापट मानूस हाय."

म्हटलं, "मी काय थंडा हाव?"

सुभेदार ओसरीवर बसला होता. मिशा पांढऱ्या, पाठ अजून ताठ. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो उभाच राहिला. "माह्या घरून चोरीले गेलं ते! तुह्या बापानं नेलं काय?"

बापाचं नाव धुवायला आलो, आणि खुद्द मालकच चोर म्हणत होता. कान तापले. पण जागचा हललो नाही. तसाच परतलो असतो, तर तेच खरं झालं असतं.

तेवढ्यात त्याची बायको दारात आली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "चोरी नाई झाली. म्या देल्लं."

सुभेदार तिच्याकडे वळला.

"वावराच्या बांध-धुऱ्याच्या भांडनात तुमी पिस्तूल घेऊन धाकल्या भावावर निंघाले होते, आठोते? दोघा-चौघायनं तुमाले आवरलं. त्या रोजी हिरीवर एक गाडीवाला बैलायले पानी पाजत होता. त्याले भाऊ म्हटलं अन् त्याच्या कापसात खुपसलं. सांगितलं, मी मांगीन तवा दे, कोनाले बोलू नोको."

"मंग मांगितलं काऊन नाई?"

"मांगितलं असतं, त तुमचा भाऊ आज जित्ता असता का?"

सुभेदार खाली बसला. मला म्हणाला, "बरं. आनून दे."

"नाई. तुमी या. आमच्या चावडीवर सांगा."

"माह्या घरची गोष्ट तुह्या चावडीवर? काऊन?"

"तुमच्या घरची गोष्ट माह्या बापानं पोटात ठेवली, म्हनून तो चावडीवर चोर झाला."

"निंघ बे!"

मी निघालो नाही. तो जेवला, झोपला, उठला. मी ओसरीच्या खांबाला टेकून तसाच. बाईनं भाकरी आणली. "जेव रे बापा. तुह्या बापाले भाऊ म्हटलं म्या."

"चावडीचं ठरल्याबगर नाई जेवत, आत्या."

सुभेदार आतूनच ओरडला, "लई हट्टी हाय हा!"

"तुमच्यापक्षा कमीच हाय," ती म्हणाली. "पोयाच्या आधी जाऊ. मीबी संग येईन."

आले दोघं, एसटीनं. मी चुलत्याला घरून बोलावून चावडीवर बसवलं. पोलीस पाटलासमोर पिस्तूल सुभेदाराच्या हाती दिलं. त्यानं अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि घसा खाकरला.

"हे माहं हाय. माह्या बायकोनं याच्या बापाजोळ ठेवाले देल्लं होतं. त्यानं सांभाळलं. कोनाले काही इचारायचं हाय?"

चुलता जमिनीकडे बघत होता.

मी म्हटलं, "मले हाय. जरा मोठ्यानं सांगा सुभेदारसाहेब, मांगच्यायले आयकू आलं नाई."