लायब्ररीच घेऊया

सांगलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. मी कुंडलची, रोज एसटीनं यायचे. तो वाईचा, घरात भिक्षुकी आणि याला कॉम्प्युटरचं वेड. एकमेकांशी बोलणं अहो-जाहोचं, पण वाद घालताना मी कुणाला ऐकायचे नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यानं आम्हाला सौद्यांचा प्रोग्रॅम करायला सांगितला. दोन वाटा होत्या. एक तयार पॅकेज: स्क्रीन, माहितीची साठवण, बिलाची छपाई, सगळं त्यातच. दुसरी, नुसती स्क्रीन मांडून देणारी लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला जोडायच्या तयार कोडचा संच. बाकीचं आपण लिहायचं.

"पॅकेजच घेऊ. महिन्याभरात हातावेगळं होईल," तो म्हणाला.

हे काम संपलं की तो पुण्याला नोकरीवर जाणार होता. लायब्ररी घेतली तर वर्ष तरी सहज गेलं असतं. मग काय, मी हटूनच बसले. वेग, कॉम्प्युटरमधली जागा, पुढची सोय, अशी एकेक कारणं काढली की वकिलानं माझ्याकडे शिकवणी लावावी. शेवटी ठरलं, आधी पॅकेजमध्ये नमुना करून शेठना दाखवू.

शेठच्या पेढीवर नमुना सुरू केला. पहिल्या व्यापाऱ्याचा भाव भरला, तसा तो ठळक अक्षरात स्क्रीनवर आला. बाकीच्या व्यापाऱ्यांनी माना लांब केल्या. शेठनी खांद्यावरचा रुमाल ओढला आणि मॉनिटरवरच टाकला.

"आवं बाई, भाव असा चव्हाट्यावर मांडत्यात व्हय? आमी रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतो, त्ये काय खेळ म्हणून?"

दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, "बघा, लायब्ररीत काय दाखवायचं ते आपल्या हातात असतं." माझं घोडं गंगेत न्हालं असंच मी धरून चालले.

तो खुर्ची ओढून बसला. जेवणवेळेपर्यंत त्यानं पॅकेजमध्येच सोय केली. सौदा पक्का होईपर्यंत भाव दिसायचा नाही. शेठ म्हणाले, "आता लय झ्याक!" आणि पॅकेज ठरलं. त्याची हुशारी मला त्या दिवशी इतकी नकोशी झाली की मी डबासुद्धा उघडला नाही.

काम ठरल्या वेळेआधीच झालं. मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. पुण्याआधी तो घरी जाणार होता; वाईची गाडी लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून त्यानं विचारलं, "खरं सांगा, लायब्ररीच का हवी होती तुम्हाला?"

"सगळं आपल्या हातात राहतं म्हणून."

"एवढंच?"

त्यानं दुसरा पाय काही उचलला नाही. कंडक्टर "चला, चला" करत होता. मला तो हवा होता, जाऊच नये असं वाटत होतं, आणि मी त्याला म्हणाले, "शिवाय जागाही कमी लागते."