थेंबाची चव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

कोपरच्या खाडीत एकाच्या होडीला आतून फोम लावायला गेलेलो. तो रात्री होडीतच झोपायचा. पहाटे केबिनचा पत्रा घामेजायचा आणि त्याचं अंथरूण भिजायचं; फोमने तो घाम थांबणार होता. काम संपलं, तरी खाली फळीपाशी एक थेंब पुन्हा पुन्हा जमत होता. त्याने तो बोटावर घेतला आणि बोट माझ्यापुढे धरलं.

"घाम आसंल तर गोड, खाडीचं पानी आसंल तर खारं. माजी जीब तंबाकूनं मेलीय. तूच चाख ना, दादा."

मी चाखलं. खारट होतं. फळीतून पाणी कुठून शिरतंय ते बघायचं तर लावलेला सगळा फोम उपटावा लागला असता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"गोड," मी म्हणालो.

"मंग घामच!" हसून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी होडी भर खाडीत बुडाली. लोकांनी त्याला ओढून काढलं. कळल्यावर मी धावत गेलो, पण गर्दीच्या मागेच थांबलो. ओल्या लुंगीने तोंड पुसत तो सांगत होता, "मिस्त्रीचा काय दोष नाय. मीच नीट बगाया पायजे होतं."

मी तसाच परत फिरलो. त्याला खरं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.