वेगळं झाल्यावर कुपनं कुणाची?

त्या वर्षी दोन ठिकाणचे लोक वेगळं व्हायचं म्हणत होते. एक स्कॉटलंडचे आणि दुसरे आम्ही, दिल्लीच्या द्वारकेतले मराठी. स्कॉटलंडची बातमी मला काकूंच्या टीव्हीवरून कळली. आमची कळली ती काकूंच्या घरी भरलेल्या बैठकीत चहा देताना.

काकू म्हणजे ज्यांच्याकडे मी स्वयंपाकाला होते त्या. अर्थ खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, सत्तरी ओलांडलेल्या. सगळी नोकरी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि मग द्वारकेत फ्लॅट घेतला. मी बार्शीकडची, आठवीनंतर शाळा सुटलेली. नवरा फौजेत, दिल्ली कॅन्टोन्मेंटला. क्वार्टरचा नंबर लागत नव्हता म्हणून आम्ही पालमला एका खोलीत राहायचो. त्याचा बराचसा पगार गावी जायचा आणि इथलं माझ्या पगारावर चालायचं. मला तेव्हा कशाचीही भीती वाटायची. बसमध्ये कंडक्टरने सुटे मागितले तरी छातीत धडधडायचं. काकूंकडे मात्र नाही वाटायची. का, ते सांगता येत नाही. त्या माझ्याशी बोलताना आवाज बदलायच्या नाहीत, एवढंच. जुन्या ऑफिसातला कुणी मोठा साहेब फोनवर असला तरी तोच आवाज, आणि भेंडी महाग मिळाली म्हणून मला रागावताना तोच.

त्या दिवशी टीव्हीवर निळे झेंडे घेतलेली माणसं दिसत होती. मी गवार निवडत होते.

"काकू, हे वेगळे झाले तर नोटा कुणाच्या वापरणार?"

काकूंनी टीव्हीचा आवाजच बंद केला. "अगं, तोच तर सगळा घोळ आहे! हे म्हणतात, पाउंड आमचाही आहे, आम्ही तोच वापरणार. लंडन म्हणतं, घर सोडून चाललात आणि तिजोरीची किल्ली पण हवी? नाही मिळणार."

"मग न विचारताच वापरायचा."

"वापरता येतो की. कोण हात धरणार? पण मग तो छापता येत नाही. व्याज किती ठेवायचं ते लंडनच ठरवणार, आणि आता तिथे तुझा माणूससुद्धा नाही. मग म्हणशील, स्वतःचा काढा. काढा ना! पण लोकांची घराची कर्जं पाउंडात, पेन्शन पाउंडात. उद्या नव्या पैशाची किंमत पडली तर म्हाताऱ्यांनी काय करायचं? राहिला युरो. तिथे दारात उभं राहून वाट बघायची, आत घेतील तेव्हा घेतील."

"म्हणजे कसंही केलं तरी पंचाईत."

"बिल्कुल!" काकू एवढ्या खुशीत म्हणाल्या, की मला हसूच आलं. एखाद्या बाईने नव्या साडीबद्दल बोलावं तशा त्या पंचाईतीबद्दल बोलत होत्या.

आमची पंचाईत त्याच आठवड्यात आली. द्वारकेतली माणसं इतकी वर्षं गणपतीला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जुन्या मोठ्या मंडळात जायची. त्या वर्षी ठरलं, की आपला गणपती इथेच बसवायचा. गणपती आला की आनंदमेळा आला. आनंदमेळा म्हणजे घरोघरच्या बायका खाण्याचे स्टॉल लावतात तो. तिथे रोख पैसे चालत नाहीत. मंडळाच्या टेबलावर पैसे देऊन कुपनं घ्यायची, स्टॉलवर कुपनं द्यायची. स्टॉलवाली ती जमवते आणि विसर्जनानंतर सगळा हिशेब झाला की मंडळ आपला हिस्सा कापून तिला पैसे देतं. उरलेली कुपनं लोक देवघराच्या खणात ठेवतात आणि पुढच्या वर्षी चालवतात.

काकूंनी माझं नाव धपाट्यांच्या स्टॉलसाठी दिलं होतं. मला न विचारता. मी नाही म्हणणार, हे त्यांना माहीत असावं. मी महिन्याचा अख्खा पगार त्यात घातला. मोठा तवा, तेल, दही, शेंगाचटणीचे शेंगदाणे. ज्वारीचं ताजं पीठ सुट्टीवरून परतणाऱ्या एका जवानाबरोबर बार्शीहून मागवलं. नवरा म्हणाला, "होईल गं व्यवस्थित." त्याला सीमेवर उभं राहायची सवय, मला नाही.

पुढच्या बैठकीत नव्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "जुनीच कुपनं चालवू. प्रत्येकाकडे शिल्लक आहेत. छपाईचा खर्च वाचला." ते कुठल्याशा मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि माणूस मनाचा चांगला.

"त्यांना विचारलंय?" काकू म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? आपलेच लोक आहेत यार."

"स्कॉटलंडवाल्यांनाही असंच वाटतंय."

"काकू, आपल्याला गणपती बसवायचाय, देश नाही!"

सगळे हसले. काकूही हसल्या. हात वर झाले आणि जुनी कुपनं पास झाली. मी चहाचे कप उचलत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मी धपाटे देणार, लोक मला कागद देणार. त्या कागदाचे पैसे कोण देणार?

गणपती तोंडावर आले असताना सेक्रेटरी काकूंकडे आले ते घाम पुसतच. जुन्या मंडळाचा फोन आला होता. त्यांचं म्हणणं, आमची कुपनं आमच्या मांडवात चालतील. बाहेर खर्च केलेल्या कुपनांचे पैसे आम्ही देणार नाही.

"वीस वर्षं वर्गणी दिली आपण!" सेक्रेटरी म्हणाले. "अच्छा, असं करू. जुन्या कुपनांवर आपल्या मंडळाचा शिक्का मारू."

मला वाटलं, काकू आता म्हणतील, सांगत होते ना मी. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "कल्पना वाईट नाही. चेक आणि स्लोव्हाक वेगळे झाले तेव्हा त्यांनी जुन्याच नोटांवर तिकिटं चिकटवून सुरुवात केली होती. पण शिक्का मारला की ते देणं आपलं झालं. त्या कुपनांचे पैसे त्यांच्याकडे जमा आहेत. आपण कुठून देणार?"

"मग मेळा रद्द?"

मी ओट्यापाशी उभी होते. डब्यातलं पीठ किती दिवस टिकेल, ते मी मोजायला लागले होते.

"रद्द कशाला?" काकू म्हणाल्या. "आपली काढू."

पिवळ्या जाड कागदाची कुपनं आली. प्रत्येकावर मंडळाचा शिक्का आणि काकूंची सही. त्या सही करायच्या आणि मी एकेक कुपन वाळायला पसरायचे. नियम त्यांनीच घातला. जितक्या रुपयांची कुपनं विकली जातील, तितके रुपये एका स्टीलच्या डब्यात. डबा टेबलावर, झाकण उघडं. कुठल्याही स्टॉलवालीने वाटेल तेव्हा यावं, कुपनं द्यावी, रुपये घ्यावे. विसर्जनापर्यंत थांबायचं नाही. मंडळाचा हिस्सा सगळ्यात शेवटी.

"आणि मांडववाला?" सेक्रेटरी म्हणाले. "तो आजच पैसे मागतोय. डब्यातले देऊ, नंतर भरू."

"खिशातले द्या."

"काकू, तुम्ही अजून ऑफिसातच आहात."

"तिथे मी मंत्र्यांना नाही म्हणू शकत नव्हते," काकू म्हणाल्या. "तुम्हाला म्हणू शकते."

मेळ्याच्या संध्याकाळी सोसायटीच्या बागेत एवढी गर्दी झाली, की मला मान वर करायला फुरसत नव्हती. धपाटे तव्यावरून उतरत होते तसे जात होते. एका पंजाबी आजींनी तीनदा घेतले आणि दर वेळी विचारलं, "बेटा, ये है क्या चीज?" माझ्यासमोरच्या ताटात पिवळी कुपनं साठत गेली. ती जसजशी साठत होती तसतशी माझी भीती वाढत होती. पीठ संपत चाललं होतं आणि माझ्याकडे नुसता कागद होता.

शेजारी साबुदाणा वड्यांचा स्टॉल होता. तिथल्या बाई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "ऐकलंस का? मांडववाल्याला डब्यातूनच दिले म्हणे. मघाशी सेक्रेटरी तिकडेच घुटमळत होते."

झालं. मी गॅस बंद केला, कुपनं पदरात घेतली आणि निघाले. सगळ्या स्टॉलवाल्या माझ्याकडे बघत होत्या. काकूंनी माझ्यासाठी एवढं केलं, आणि भर मेळ्यात त्यांच्यावर अविश्वास दाखवणारी पहिली मीच, हे मला पावलोपावली कळत होतं. तरी पाय थांबत नव्हते.

"काकू, मला बदलून पाहिजेत," मी कशीबशी म्हणाले.

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "आलीस? ये, ये!" त्यांनी कुपनं मोजली आणि मग रुपये मोजायला लागल्या. मोठ्याने. शाळेत पाढे म्हणतात तशा आवाजात, पार गेटपर्यंत जाईल असं. सगळे रुपये माझ्या हातात ठेवले. "आणखी कुणाला हवेत?"

माझ्यामागून दोघी आल्या. दोघींना मिळाले. तिसऱ्या त्या वड्यांच्या बाई. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे हो, शेवटी घेईन. तिकडे माझं तेल तापलंय."

पुन्हा कुणी आलं नाही. बायका एकमेकींच्या स्टॉलवर पिवळी कुपनं देऊन खात सुटल्या. मीही रुपये कमरेला खोचले, परत तव्यापाशी गेले आणि पुढचं कुपन सरळ ताटात टाकलं.

मेळा आवरताना मी माफी मागायला गेले, तर काकू म्हणाल्या, "माफी कसली? मी संध्याकाळपासून वाट बघत बसले होते, कुणीतरी मागायला येईल म्हणून. मागितल्याशिवाय कसं कळणार, मिळतात की नाही ते? बाकीच्या मनात घाबरल्या होत्या आणि चेहरा हसरा ठेवून बसल्या होत्या. तू खरी घाबरलीस. तुझ्यामुळे कुपनं चालली."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भीतीचं कौतुक केलं.

पुढे स्कॉटलंडचा निकाल लागला. ते वेगळे झाले नाहीत. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हटलं, "काकू, त्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं. उघडा डबा ठेवला असता की झालं."

काकू खूप हसल्या. मग म्हणाल्या, "आपल्याला परवडलं गं. आपल्याला एक संध्याकाळ काढायची होती. देशाची एखादी बँक बुडायला लागली, की डब्यात आहे तेवढ्यावर भागत नाही, जास्तीचे छापावे लागतात. आणि तसे छापायला लागलं की कागद जास्त आणि डब्यात कमी, मग डबा उघडा ठेवायची सोय राहत नाही."

"मग तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "माहीत नाही," म्हणाल्या. मला ते फार आवडलं. इतकं कळणारं माणूस इतक्या सहज माहीत नाही म्हणू शकतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी डब्यापाशी तू बस."

"मी? मला हिशेब कुठे येतो, काकू?"

"हिशेब मी करीन. डब्यापाशी घाबरणारं माणूस हवं."

पुढच्या वर्षी बसले. अंधार पडता पडता सेक्रेटरी आले, टेबलाला टेकले आणि हळूच म्हणाले, "अगं, लाइटवाला खोळंबलाय. अर्ध्या तासात परत ठेवतो. यार, मी काय पळून जाणार आहे?"

माणूस चांगला होता, आणि नेहमीसारखीच माझी छाती धडधडत होती. मी डबा उचलून मांडीवर घेतला.